शेवटचा खांब

माझ्या रूटबुकात शहर संपायचं
खांब क्रमांक सत्तावीसपाशी.
त्यापुढे अंबाराम खातीची विहीर,
साडेसात हॉर्सपॉवरचा पंप, आणि लसणाचा वास.
सायकल टेकवून मी रीडिंग टिपायचो.
तो म्हणायचा, "बैठो दिघे साब,
इसके आगे तो अंधेरा ही है."

ही एक्क्याऐंशीची गोष्ट.

आमच्या इंदुरात कॉलनी बांधत नाहीत,
कापतात.
"उधर नई कटी है," असं सांगतात,
कलिंगडाची फाक पुढे करावी तसं.
शेतात आधी उगवतं फाटक,
दोन सिंह, एक कारंजं, मागे काहीच नाही.
मग चुन्याच्या रेषा.
मग माझ्या बुकात एक पान वाढायचं.

कधी खांब आधी, घरं नंतर.
पुष्कळदा घरं आधी,
आणि खांब येईतो बांबूंवरून लोंबत
एकाच मीटरातून तेवीस घरांचे दिवे.
तिथं पुष्पा सोनेरे नावाच्या बाईनं
मला चहा दिला होता,
आकडा टाकलेल्या तारेवर, हीटर लावून.
मी कप संपवला, मग लाइनमनला हाक मारली.
तिनं कप विसळून पालथा घातला, बोलली काहीच नाही.
आमच्या छापील रकान्यांत
याला जागा नव्हती.

नावं पुरेनात तेव्हा शहरानं आकडे घातले:
स्कीम चौपन्न, स्कीम अठ्ठ्याहत्तर, एकशे चौदा.
नर्मदा मात्र डोंगर चढून यायची ती तेवढीच,
एक दिवसाआड, अर्धा तास, तीही पहाटे,
नळाखाली लोक भांड्याआधी कान लावून बसलेले.
बोअर दोनशे फुटांवर लागायचे. मग सहाशे.
आता आठशेच्या खाली
नुसतं पीठ उडतं, पांढरं, गरम,
आणि मशीनवाला तरी मीटरवर पैसे घेतो.
म्हणजे फुटांवर.
मीटर म्हटलं की माझं आपलं तेच डोक्यात येतं.

अंबारामानं विकली तेव्हा
एक चारचाकी आली, धाकट्यानं ती बायपासवर उलटवली.
थोरल्याचं दुकान चाललं नाही, मग चाललं.
अंबाराम आता कॉलनीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसतो.
चौकीदार नाही तो.
पगार नाही, गरजही नाही.
सकाळी उठून जायला
दुसरी जागा उरली नाही, एवढंच.
येणारीजाणारी पोरं मोबाइल दाखवत विचारतात,
"चाचा, ये अंबाराम का कुआँ किधर पड़ेगा?"
बिलावर पत्ता अजून तोच छापून येतो ना.
तो एकेकाला नीट रस्ता सांगतो,
आपलं नाव सांगत नाही.

मी रिटायर. नवी मीटरं
स्वतःच बोलतात ऑफिसशी.
तरी कुणाच्या जिन्यात शिरलो
की डोळा जातोच चकतीकडे,
आणि चकती नसते.

विहीर बुजवली अकरा डंपर मलब्यानं.
वर चौथरा, चौथऱ्यावर ट्रान्सफॉर्मर.
दर दिवाळीच्या आसपास तो चार बोटं कललेला असतो.
ठेकेदार येतो, मुरूम ओततो, सरळ करून जातो.
परवा आम्ही दोघं उभे होतो बघत.
तारा ताणलेल्या, आतून घूं घूं,
थेट त्या जुन्या पंपासारखी,
फक्त पुढे पाणी पडल्याचा आवाज नाही.

"और कितना डालोगे?" अंबारामानं विचारलं.
मजूर घमेलं उपडं करत म्हणाला,
"जितना पी ले."

मी सवयीनं घमेली मोजत होतो.
चौतीसपर्यंत मोजली.
मग मागून टँकरनं हॉर्न दिला,
आम्ही बाजूला झालो.