डबा आहे, डिस्क नाही

रात्रपाळीत मी नळ्या परत पाठवते.
नाव खोडलेलं, परत.
बूच सैल, परत.
जांभळ्या टोपणाच्या नळीत गाठ धरलेली, परत,
पुन्हा टोचून घ्या म्हणावं.
मिरजेतल्या निम्म्या वॉर्डांत
माझ्या नावानं बोटं मोडतात.
मुजावर मॅडम, एक डाव सोडा की.
मी सोडत नाही.

आणि तीच मी
चौदाशे रुपये पाठवून बसले एका फोटोला.
फोटोत डबा, डब्यावर वाफेचं इंजिन,
खाली लिहिलेलं : कंडिशन एकदम टॉप, ताई.
त्या ताईचे किती लावले असतील त्यानं?
शंभर तरी.

गेम जुना. रूळ टाकायचे, सांधे बदलायचे,
मालगाडी बाजूला उभी करून
पॅसेंजर आधी काढायची.
स्टेशन रोडच्या कॅफेत, तासाला पंधरा रुपये,
बारावीच्या क्लासला दांडी मारून
मी अख्खं जंक्शन चालवलंय, वेळेवर.
बाहेर खऱ्या जंक्शनवर
सगळं लेट.

याआधीही एकदा हात पोळलेला.
तेव्हा डबा नव्हताच, नुसता कोड,
पंचवीस अक्षरं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली.
एकेक टाइप केलं, हा ओ की शून्य, विचारत विचारत.
संगणक म्हणाला, हा कोड आधीच वापरलेला आहे.
विकणारा म्हणाला, मॅडम, माझ्याकडे तर चालतोय.
चालणारच की.
एकच बर्थ दोघांना विकून
तू वर पांघरूण घेऊन झोपलायस.

म्हणून या खेपेला म्हटलं, वस्तू हवी,
हातात धरता येईल अशी.

कुरिअर गुरुवारी आलं. चिकटपट्टी इतकी
की कात्री हरली.
डबा खरा. पुस्तिका खरी,
तिसऱ्या पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ.
डिस्कवर मार्करनं : मराठी टायपिंग, ३० शब्द, सराव.

वाटलं, लेबल चुकलं असेल.
(चुकलेलं लेबल मी कधीपासून माफ करायला लागले?)
तिच्यासाठी साडेसातशेचा वेगळा ड्राइव्ह आणलेला,
हल्लीच्या लॅपटॉपला तोंडच नसतं.
लावली. घरघरली.
पडद्यावर एक बाई, म्हणजे बाईचे नुसते हात,
आणि आवाज : करंगळी इथे. अंगठा मोकळा.
अम्मीनं आतून विचारलं,
आता कसली परीक्षा देतीयस?

विट्याचा तो नंबर दोन दिवस बंद.
मग चालू, मग फोटोच गेला,
उरलं एक राखाडी गोल डोकं.
तक्रार केली. उलट प्रश्न आला :
वस्तू मिळाली का? होय / नाही.
दोन्ही खरं होतं.

रविवारी मीच जाहिरात टाकली.
'कंडिशन'पर्यंत टाइप केलं, खोडलं.
लिहिलं : डबा आहे, डिस्क नाही. पुस्तिकेवर डाग. तीनशे.
तिघं हसून गेले. एकानं विचारलं, फायनल किती?
आणि बुधवारी पहाटे, सेंट्रिफ्यूज फिरत असताना,
जतहून कुणी कोळेकर :
मला डबाच पाहिजे.
माझ्याकडं नुसती डिस्क हाय,
दहा वर्सं पेपरात गुंडाळून ठेवलीय.

यंत्र थांबेपर्यंत मी काही लिहिलं नाही.
मग लिहिलं, डबा नाही देणार. डिस्क विकता?
ते म्हणाले, डिस्क न्हाई देणार. डबा विकता?

आउटरला दोन गाड्या,
दोघींनाही सिग्नल नाही.

शेवटी म्हटलं, आधी फोटो पाठवा,
मागच्या बाजूचा, उजेडात धरून.
आला. ट्यूबलाइट, शेतातल्या मातीनं भेगाळलेला अंगठा,
आणि काठाकडून आत जाणारा
केसाएवढा ओरखडा.

मोठा करून पाहिला. अजून मोठा.
दारात वॉर्डबॉय, हातात नवा ट्रे.
थांब जरा, म्हटलं त्याला,
आधी हे एक सॅम्पल बघू दे.