शब्दसंख्या

इंजिनिअरचा अहवाल एकेचाळीस पानांचा.
मी जिन्याखालच्या फळ्यावर लावली सात ओळींची नोटीस.
खोटं एक अक्षर नव्हतं तिच्यात, शप्पथ.
'इमारतीस काही ठिकाणी दुरुस्तीची गरज आहे.
रविवारी सभा. चहाची सोय केली आहे.'

काही ठिकाणी.
गादीसारखा मऊ शब्द.
त्याच्याखाली एकोणतिसावं पान सहज मावलं:
खांब क्रमांक सात, आतल्या सळ्या गंजून फुगलेल्या,
आणि तो खांब परुळेकरांच्या स्वयंपाकघरात,
जिथे त्यांची सून पाटा टेकवून ठेवते.

कुणाला उगाच घाबरवायचं नव्हतं मला.

मिस कोठारे, तिसरा मजला,
फ्लोरा फाउंटनच्या तार ऑफिसात उभी हयात गेलेली.
पेन्सिलीचं टोक एकेका शब्दावर टेकवत
त्यांनी माझी नोटीस मोजली.
"तारेच्या माथ्यावर आकडा असायचा," म्हणाल्या.
"एकवीस म्हणजे एकवीस.
वीसच भरले तर मुलाला सायकलवर बसू द्यायचो नाही.
पलीकडे विचारायचो, राहिलेला कुठला?
कारण राहिलेला शब्द
कधीकधी 'नाही' असायचा."

सकाळी नोटिशीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात:
मिळाले चौतीस. पाठवले किती?

माहीमच्या खाडीचा वास त्या रात्री घरभर होता.
दोन वाजता उठलो, खळ कालवली.
फळा पुरला नाही.
पानं मीटरच्या पेटीवर गेली, भिंतीवर गेली,
कठड्याच्या कडेकडेनं दुसऱ्या मजल्यापर्यंत चढली.
एकोणतिसावं मी डोळ्यांच्या उंचीला लावलं.

लोक तोंडात ब्रश घेऊन वाचत होते.
परुळेकरांची सून दुधाची पिशवी हातात तशीच धरून
घरात गेली, परत आली.
तळवा पांढरा झाला होता, चुन्यानं.
"पाटा हलवला," एवढंच म्हणाली.

शेवटच्या पानाखाली एक ओळ मी हातानं जोडली.
अहवालात ती नव्हती,
तुम्हालाही अजून सांगितली नव्हती:
खोली क्रमांक बारा, म्हणजे माझी, विकायला काढली आहे.
गिऱ्हाईक शनिवारी येणार होतं.
सभा रविवारी.

मिस कोठारेंनी तीही मोजली.
बोलल्या काहीच नाहीत.
पेन्सिल मात्र
अजून त्यांच्या हातातच होती.