तेरा सामने

बापाच्या देशाकडून मी एकूण तेरा सामने खेळलो.
गोल एक. तोही आपल्याच जाळ्यात.

आधी खरं सांगून टाकतो:
हॉलंडचा फोन मला कधी आलाच नाही.
लोकांना वाटतं, दोन देश माझ्या दारात ताटकळत होते
आणि मी छातीवर हात ठेवून एकाला आत घेतलं.
मी सत्तावीस वर्षांचा, दुसऱ्या विभागातला डावा बॅक,
गुरुवारी गुडघ्यात सुई, रविवारी बाकावर.
फोन आला तो प्राइयाहून.
पलीकडचा माणूस भराभर क्रिओल बोलत होता,
मला कळले तीन शब्द:
बाप, कागद, कधी.

बापाला जाऊन तेव्हा चार वर्षं झालेली.
बोटीवरचा तेलवाला. इंजिनघरात इतकी वर्षं काढली
की घरातही ओरडूनच मीठ मागायचा.
बेटाबद्दल मात्र हळू.
हळू म्हणजे काय, जवळजवळ नाहीच.
"तिकडे वारा असतो," म्हणायचा. "आणि बकऱ्या."
झालं. संपलं साओ निकोलाऊ.

रविवारी तो रॉटरडॅमच्या त्या चौकात जायचा
ज्याला त्याची माणसं कफल्लकांचा चौक म्हणत.
तिथे बाकावर बसून हसायचा,
घरी कधी न ऐकलेलं हसू.
मी बॉल काखेत धरून लांब उभा,
विनोद कळत नाही म्हणून भिंतीवर बॉल मारत.

तर आता त्याचा जन्मदाखला हवा होता.
लिस्बन, मग साल, मग पंख्याचं विमान.
रिबेइरा ब्रावाच्या नोंदणी कचेरीत डोना इल्दा
थुंकीने बोट ओलं करून पानं उलटत राहिली.
एव्हर्स? नाही.
एव्हर्स नावाचं इथे कुत्रंसुद्धा जन्मलेलं नाही, बाळा.

मग चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं,
माझ्या कानांकडे विशेष.
"एव्होरा," ती म्हणाली. "तुझा बाप मासळीच्या कारखान्यातला झेका.
डबे भरताना इतका बडबडायचा
की मुकादमाने त्याला एकट्याला खारवणीत बसवला होता."

म्हणजे कुठल्याशा बोटीच्या हजेरीबुकात
कुठल्याशा घाईतल्या डच कारकुनाने
त्याचं नाव ऐकलं तसं लिहिलं
आणि मी सत्तावीस वर्षं पाठीवर घेऊन पळालो
त्या कारकुनाचा कान.
बापाने दुरुस्त का केलं नाही, कोण जाणे.
तिथून पुढे तो गप्प झाला असावा.

संघात एक नीसचा, दोघे लिस्बनचे,
एक लक्झेंबर्गचा, एक थेट बोस्टनजवळचा.
प्रशिक्षक पोर्तुगीजमधून ओरडणार,
ते फ्रेंचमधून फिरत फिरत गोलकीपरकडून डचमध्ये माझ्यापर्यंत:
डावीकडे सरक.
तोवर उजवीकडून कोणी तरी निघून गेलेलं असायचं.
राष्ट्रगीत मी फोनवर पाठ केलं, न्हाणीघरात.
शिव्या मात्र साऱ्यांच्या क्रिओलच.
त्या कुणालाच शिकाव्या लागल्या नव्हत्या.

सातवा सामना, प्राइया, शेवटची दोन मिनिटं.
बॉल माझ्या नडगीला लागून आत गेला
इतक्या हळू, की धावत जाऊन थांबवता आला असता
दुसऱ्या कुणाला.
सगळं मैदान चिडीचूप.
आणि मग वरून, कठड्याजवळून, एक म्हातारा
माझं नाव घेऊन ओरडला. एव्होरा! आणि पुढे ती शिवी,
जी माझ्या हातून पान्हा पडला की बाप हासडायचा,
तोच हेल, शेवटचं अक्षर तसंच गिळलेलं.

मी खाली मान घालून उभा होतो.
कॅमेऱ्यात रडतोय असं दिसलं.
रडत नव्हतो.

आता स्पांगेनला अकराच्या आतली पोरं सांभाळतो.
गुडघा पावसाआधी बोलतो.
नाव बदलायचा अर्ज अजून तसाच पडून आहे,
फी भरली, एक शिक्का राहिलाय.
मुलगी विचारते, तिकडे काय असतं?
मी सांगायला बसतो खूप काही,
कारखाना, वही, डोना इल्दाचा चष्मा,
आणि तोंडून निघतं:
वारा असतो. बॉल उंच मारला की परत येतो.

बकऱ्यांचं विचार, ती म्हणते.