बावन्न घरं, केपे तालुका

प्रश्न सोपा आहे.
गेल्या तीस दिवसांत तुमच्या घरी
रेशनचं धान्य वापरलं का?
हो किंवा नाही.
टॅबलेटवर तिसरं बटण नाही.

सव्विसाव्या घरचा म्हातारा म्हणाला,
बाय, वापरलं म्हणजे काय गो?
आणतो तर आम्ही. पण तो सुरय तांदूळ,
त्याची पेज होत नाही, खळ होते.
थोडा कोंबड्यांना टाकतो.
थोडा गिरणीवर देऊन त्याच्या निम्मा उकडा घेतो.
आता तूच सांग, वापरला कोणी?
मी सुपरवायझरला फोन लावला. रेंज नव्हती.
दारात एक तलंग माझ्या चपलेचा पट्टा टोचत होती.
मी हो दाबलं.
कोंबड्याही त्याच घरच्या.

घर एकतीस, सोमती वेळीप.
आधी तिचे हात दिसले.
अकरा वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडून
बोटांची टोकं काळी, गुळगुळीत,
नदीतल्या खड्यासारखी.
राख चोळली तरी टरफलाचं तेल आत उतरतंच, म्हणाली.
सोसायटीतलं यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही.
शिगम्यापासून चार वेळा गेली,
चार वेळा पिशवी घडी करून काखेत घालून आली.
हे सगळं पाणी देता देता, प्रश्नाच्या आधी.
मग मी प्रश्न वाचला, आणि ती म्हणाली,
हो. घेतो ना. दर म्हयन्याक.

मी मान वर केली.
"ना म्हळ्यार नांव कापतले,"
ती हळू बोलली,
जसं काही ओसरीवर सरकार बसलंय,
आणि मी, घरटी साठ रुपयांवर आलेली,
त्याच्याच मांडीवर.

घर चव्वेचाळीस, एस्मेराल्दा कुलासो.
नवरा बोटीवर होता, आता भिंतीवरच्या चौकटीत.
मुलाचे पैसे यायचे. कधीपासून यायचे थांबले
हे विचारायला फॉर्ममध्ये जागा नाही.
खुर्ची पुसून दिली, बिस्किटं बशीत मांडली,
नि म्हणाली, आमकां गरज पडना, कार्ड आसा, पूण
तें दुबळ्यांखातीर.
स्वयंपाकघराच्या दाराला पडदा.
पोतं उसवून शिवलेला,
अक्षरं आतल्या बाजूला वळवून.
शिलाई इतकी सुबक
की तेवढ्यासाठीच ओळखलं मी पोतं.
वाऱ्यानं पडदा उलटला. निळ्या शाईतलं एक अक्षर,
मग पुन्हा पाठ.
मी नाही दाबलं.

रात्री आकडे जुळवले.
बावन्नपैकी सदतीस हो.
एकाहत्तर टक्के.
मग डोक्यातल्या डोक्यात, कुणाला न सांगता,
सोमतीला इकडून काढलं,
एस्मेराल्दाबाईंना तिकडून आणलं.
सदतीसच.
भीतीनं म्हटलेलं हो
आणि लाजेनं म्हटलेलं नाही
एकमेकांना गिळून बसले होते,
आणि वर पाण्यासारखा नितळ आकडा.

सुपरवायझर म्हणाले, डेटा छान आहे,
गेल्या फेरीशी जुळतो.
पणजीला पाठवून दिला.
तिथं कोणी त्याचा गोल काढेल, हिरवा आणि राखाडी,
आणि त्या गोलात ती दोघं
चुकीच्या रंगात
शेजारी शेजारी बसतील, ओळख नसताना.

शनिवारी कारखान्यावरून गेले तेव्हा
सोमती फाटकात बसून होती, बोटांना खोबरेल लावत.
सोसायटीतल्या मुलानं सांगितलंय म्हणे,
आठ दिवस लावून बघ, रेषा वर येतात.
तिनं अंगठा माझ्यासमोर धरला.
दिसतात?
मी उन्हाकडे वळवून बघितला, पुन्हा बघितला.
हो की नाही, एवढंच विचारत होती.

माझं घर नमुन्यात नव्हतं.
आलं असतं तर त्रेपन्नावं.
संध्याकाळी चुलीवर आधण ठेवलं,
डब्यातून दोन मापटी तांदूळ काढले.
कुठला, ते
मी इथंही सांगत नाही.