राखण

गोळीबार चौकामागच्या गल्लीत
मे महिन्यात रात्रीसुद्धा भिंत चटका देते.
कूलरचं पाणी साडेअकराला संपलं
म्हणून मी जागी होते.
शहाणपण म्हणाल तर तेवढंच.

आधी वास आला.
गोडसर, नेलपॉलिशच्या बाटलीसारखा.
मग जिन्याखालून तडतड,
ओल्या कढईत मोहरी टाकल्यासारखी,
फक्त ती थांबेना.

जिन्याखाली हेमराजची पार्सलची स्कूटर चार्जिंगला.
दुसरी जागा नव्हती. म्हणजे होती,
पण बाहेरची वायर चोरीला जाते
आणि हप्ते एकवीस बाकी.

पांढरा धूर गुडघ्याएवढा होऊन पायऱ्या चढत होता.
हेमराज ओला टॉवेल घेऊन धावला, प्लग काढायला.
मी त्याची बनियन मागून धरली. ती फाटली.
तरी धरली.
मेन स्विच बाहेरच्या भिंतीवर, तो मी पाडला,
छकुलीला उचललं, दार मागे ओढून घेतलं
आणि गल्लीत उभं राहून इतक्या जोरात ओरडले
की माझा आवाज मलाच परका वाटला.

वरच्या कुंभारेकाकूंना जिना उरलाच नव्हता.
गच्चीवरून नंदनवारांच्या गच्चीवर,
मधे हातभर फट, खाली अंधार,
सत्तर वर्षांच्या बाईनं लुगडं खोचलं
आणि ओलांडली.

गाडी आली. उईके नावाचा फायरमन,
नळकांड्याचा मास्क, पाठीवर हवा.
चाळीस मिनिटं नुसतं पाणी.
"जाळ विझवत नाही आहो मी," मास्क काढून म्हणाला,
"तिचा ताप उतरवतोय."

मग लांब आकड्यानं ओढत
काळं खोकं मैदानाच्या मधोमध आणलं.
"पंधरा मीटर. जवळ कोणी जायचं नाही.
माती टाकून झाकायचं नाही. दोन दिवस तरी.
उठली तर एकशे एक."

माझे सासरे तीस वर्षं जिनिंगमध्ये होते.
रुईची आग त्यांना घरच्या माणसासारखी ठाऊक.
वरून विझते, गठाणीच्या पोटात झोपते,
चौथ्या दिवशी शेड घेऊन जाते.
ते सब्बल घेऊन उठले. "फोडा ना जी तिले,
फोडल्याबिगर मरत नाही."

उईके त्यांच्यासमोर उभा राहिला. हात लावला नाही.
"काका, गठाणीला बाहेरची हवा लागते.
ही आपला श्वास आत घेऊन बसली आहे.
फोडाल तर तोंडावर सोडेल."

सासरे बराच वेळ खोक्याकडे पाहत राहिले.
मग चुन्याची पिशवी मागवली,
पावलं मोजत गोल आखला
आणि बाज वाऱ्याच्या पाठीशी टाकली.

आम्ही राखण बसलो.
कोणी चहा आणला, कोणी पोरं झोपवली.
हेमराज बोटांवर काहीतरी मोजत होता,
मी विचारलं नाही.
मयताजवळ बसतात तसं म्हणावं
तर ती मेली कुठे होती.

पावणेचारला
खोक्याच्या एका कोपऱ्यातून निळसर जीभ निघाली.
कोणी ओरडलं नाही.
सासऱ्यांनी चष्मा शोधला, नंबर लावला,
पत्ता दोनदा, हळू, नीट सांगितला.
"उठली," एवढंच म्हणाले,
आजाऱ्याबद्दल सांगतात तसं.

तिसऱ्या दिवशी पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून ती नेली.
चुना अजून आहे, फिकट.
पोरं तिथंच क्रिकेट खेळतात.
चेंडू गोलात गेला की दोन धावा,
आणि आत कोणी जात नाही.

सासरे जातात. सब्बल टेकत.
रेषेशी थांबतात, नाक वर करून हवा घेतात.
पोरं कुरकुरतात, "आजोबा, लवकर ना."
ते आणखी थोडं थांबतात.