दर दहा मिनिटांनी

ओउलूच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
जानेवारीत, सूर्य अडीचलाच आवराआवर करतो तेव्हापासून
मी हेलेवीच्या हातातून रक्त घेते आहे.
दर दहा मिनिटांनी. अर्धा चमचा.
नळीवर वेळ लिहिते, नळी बर्फात उभी करते,
पुन्हा घड्याळाकडे बघत बसते,
उतू जायला आलेल्या दुधाकडे बघावं तशी.

हेलेवी कार्पानेन, वय चोवीस, राहणार कायानी.
तीस किलोमीटरच्या स्कीइंगमध्ये
तिच्या पुढे फक्त दोघीच असतात.
चौदा महिने झाले, पाळी नाही.
"बरंच की, एक कटकट कमी," म्हणते,
आणि मग बराच वेळ छताकडे बघते.

डॉक्टर राउतिओबाईंनी कागदी रुमालावर चित्र काढलं होतं.
दोन भुवयांच्या बरोबर मागे, हाडाच्या खोबणीत
मटाराचा दाणा. ही पीयूषिका.
हिला राणी म्हणतात, पण राणी आपण होऊन
बोटसुद्धा हलवत नाही.
तिच्या वरच्या अंगाला काही हजार पेशी
दहा मण्यांची एक बारकी माळ ओवतात
आणि खाली सोडतात. दीड तासाने आणखी एक.
सारख्या सोडत राहिल्या तर राणी बहिरी होते,
सोडल्याच नाहीत तर झोपून जाते.

"आणि माझ्या?" हेलेवीनं विचारलं.

बाईंनी पेन्सिल उलटी धरली.
"तेविसाव्या किलोमीटरला काय होतं तुला?"
"दुखणं जातं. झाडं जवळची वाटायला लागतात.
वाटतं, असंच पुढे रशियापर्यंत जावं."
"ती तुझ्या डोक्यातली घरची अफू.
तीसुद्धा मण्यांचीच. जरा लांब माळ.
तिनं त्या पेशींच्या तोंडावर हात ठेवलाय, असा माझा संशय आहे.
शिवाय तू जेवतेस चिमणीएवढं.
आज रात्री आपण फक्त हात बाजूला करून बघू."

म्हणून सलाईनच्या बाटलीत आज अफूचा उतारा आहे
आणि माझी रात्रपाळी.

एक वाजून वीस. एक तीस. एक चाळीस.
हेलेवी झोपेत टाचा हलवते, कुठला तरी चढ चढते आहे.
मी तिची पट्टी सैल करते.

दोन चाळीसला माझ्या छातीतून वणवा उठतो,
मान, कान, केसांची मुळं.
मी बावन्न वर्षांची आहे. खिडकी उघडते,
बाहेर उणे चोवीस, नदीवर नुसता पांढरा रस्ता.
बाईंनी एकदा सहज सांगितलं होतं,
माझ्याही डोक्यात त्या पेशी माळा सोडतातच,
उलट जास्त जोरानं,
कारण खालून आता कुणी ओ देत नाही.
अंग पेटतं साधारण त्याच मिनिटाला.
मी विचारलं, मग त्यांना कुणी सांगत का नाही
की घर रिकामं झालंय?
बाई हसल्या. उत्तर त्यांच्याकडेही नसावं.

खिडकी लावते. नळी. वेळ. बर्फ.

अकरा दिवसांनी प्रयोगशाळेतून आलेखाचा कागद आला.
रेघ सपाट, सपाट, फिनलंडच्या दक्षिणेसारखी सपाट,
मग दोन चाळीसला एक टेकडी.
उंच नाही. पण टेकडीच.
पुढे चारला आणखी एक.
मी दोन चाळीसवर बोट ठेवलं.
योगायोग आहे, मला कळतं.
माझं रक्त कुणी घेतलं नव्हतं.

हेलेवीनं कागद आडवा धरला, उभा धरला.
स्कीइंग सोडावं लागेल का, हे तिनं विचारलं नाही,
बाईंनीही विषय काढला नाही.
ती म्हणाली, "म्हणजे आत कुणीतरी आहे."
कागदाची चार घड्यांची चौकट करून
मोज्यात सरकवली.

मग मी कँटीनमधून राईचा पाव आणला.
ती सुरीकडे बघत होती.
"लोणी जरा जाड लावा," म्हणाली,
आणि लगेच, "नाही, एवढं नको."
मी लावलं तेवढंच ठेवलं.
तिनं अर्धा खाल्ला.