खोली चार

बँगोरच्या ग्रंथालयात तिसऱ्या मजल्यावर
एक टेबल, दोन खुर्च्या, न उघडणारी खिडकी.
बाहेर कठड्यावर एक सीगल
कुणाची तरी चिप्सची पिशवी सकाळपासून फाडतोय.

मेनिर आली. निबंधाची बारीक घडी केलेली,
औषधाच्या चिठ्ठीसारखी.
वय एक्केचाळीस, त्यातली अकरा वर्षं
वृद्धाश्रमातल्या रात्रपाळीत गेलेली,
आणि आता नर्सिंगचं पहिलं वर्ष.
समासात लाल शाईत तीनदा : हे कोण म्हणतं?

"मीच म्हणते," ती म्हणाली.
"ओवेन प्रिदेर्खचे पाय गार पडले
तेव्हाच हाताला कळलं, हा उजाडेपर्यंत राहत नाही.
त्याला पृष्ठक्रमांक कुठला लावू?"

मला तोंडपाठ आहे सगळं :
आडनाव, स्वल्पविराम, साल.
दुसऱ्याचं वाक्य घेतलंस तर त्याचं नाव सांग.
'मला वाटतं' खोड.
वीस वर्षं खोडतेच आहे मी.
यावर मात्र काही सुचेना.

म्हणून सहज विचारलं,
सकाळी पाळी बदलताना काय सांगायचीस?

तिची पाठ ताठ झाली. आवाजच बदलला.
"खोली चार. दोन दहाला श्वास अडखळला, मी पाहिलं.
तीनला ग्लेनिसनं पाहिलं, तिच्या मते फरक नाही.
माझ्या मते आहे.
पाणी दोन घोट.
मुलीला फोन केला, उचलला नाही. पुन्हा करायचाय."

थांब, म्हटलं, हेच लिही.
कुणी पाहिलं, कधी पाहिलं,
कुणाचं कुणाशी पटलं नाही,
काय करायचं राहिलं.

"म्हणजे ही पुस्तकं लिहिणारी माणसं
रात्रपाळीचीच?"
काही. बाकीची दुपारी येऊन
फळं ठेवून जातात.
ती हसली. सीगल उडाला.

"आधी वेल्शमध्ये लिहू?"
लिही की.

मग नियम सांगावा लागला :
रुग्णाचं खरं नाव निबंधात चालत नाही.
ती बराच वेळ पेनाचं टोपण
लावत राहिली, काढत राहिली.
'श्री. क' असं लिहिलं शेवटी,
आणि त्या क कडे बघत बसली,
अनोळखी माणूस पलंगावर आणून निजवावा तसं.

तीन आठवड्यांनी निबंध आला.
चौदा संदर्भ, स्वल्पविराम जागच्या जागी.
यादीच्या खाली, एक ओळ सोडून,
कुठल्याच पद्धतीत न बसणारं :
खोली चार. फोन लागला नाही.

या ओळीसाठी नियम असणार काहीतरी.
मी शोधला नाही.